जुना बलुची गालिचा घेताय? आधी पाठ बघा

दुकानदार गालिचा दोन्ही हातांत धरतो, एक झटका देतो आणि तो हवेतून येऊन नेमका तुमच्या पायाशी पसरतो. आपण "वा!" म्हणतो आणि तिथेच अर्धा सौदा होऊन जातो. मी आता अशा वेळी वाकून त्याचा एक कोपरा उलटा करतो. पैठणी घेताना घरातल्या जाणत्या बायका पदराची उलटी बाजू आधी बघतात, तसंच. समोरच्या बाजूला दुकानातले दिवे, फणी, कात्री आणि प्रसंगी शाईसुद्धा मदत करते. पाठीवर एवढी रंगसफेदी कोणी करत नाही.

एखादा जुना, हाताने विणलेला बलुची गालिचा घरात असावा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. थोडं चुकत शिकलोय. त्या चुकाही मधेमधे येतील.

हे गालिचे नेमके कुठले

बलुच म्हटलं की आपल्याला पानिपत आणि तिथून नेलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणून सांगितले जाणारे बुगटी मराठे आठवतात. पण बाजारात 'बलुची' नावाने मिळणारे गाठींचे गालिचे बहुतेक त्या बाजूचे नसतात. पाकिस्तानी बलुचिस्तानात सपाट, बिनलवेचं (लव म्हणजे वर उभे असलेले लोकरीचे तंतू) विणकाम जास्त. लव असलेले हे गालिचे मुख्यतः ईशान्य इराणमधल्या खोरासानचे आणि पश्चिम अफगाणिस्तानातल्या हेरात-फराह पट्ट्यातले. खाली इराण-अफगाण सीमेवरच्या सीस्तानपर्यंत त्यांची हद्द. मशहद, तोरबत-ए-हैदरिये आणि हेरात या त्यांच्या पेठा. अठराव्या शतकात नादिरशहाने बलुच टोळ्यांना खोरासानात आणून वसवलं असं सांगतात. विणणारे सगळे बलुच असतात असंही नाही. त्याच भागातले तैमुरी, आयमाक, काही कुर्द आणि अरब गटही याच वळणाचं विणतात आणि व्यापारी सगळ्यांवर एकच चिठ्ठी लावतात.

विणकाम बायकांचं. मागही साधा: जमिनीत चार खुंट्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेला ताणा, म्हणजे उभे धागे. भटक्या टोळीचा तळ हलवायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धवट गालिचा गुंडाळून जनावरावर टाकायचा आणि नव्या जागी पुन्हा ताणायचा. ताण दरवेळी तोच कसा राहील? त्यामुळे एका टोकाला रुंदी ८५ सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ९०, असं सर्रास आढळतं. तो दोष नाही.

आकार लहान असतो. तीन बाय पाच फुटांच्या आसपासचे सर्वांत जास्त, आणि नमाजाचे त्याहून जरा अरुंद. फारसीत 'काली' म्हणजे गालिचा आणि 'कालीचे' म्हणजे छोटा गालिचा. आपला 'गालिचा' हा शब्द तिथूनच आला, म्हणजे हा खऱ्या अर्थाने गालिचा. दिवाणखाना भरून टाकेल असा बलुची शोधत बसू नका. तसे विरळाच, आणि दहा बाय बाराच्या खोलीला तीन बाय पाचच शोभतो.

पायरी १: पाठ वाचा

गालिचा उलटा करा आणि उजेडात न्या. समोरची नक्षी पाठीवर जवळपास तितकीच स्पष्ट दिसली पाहिजे. गाठी दिसल्या पाहिजेत आणि त्या थोड्या उन्नीस-बीस असल्या पाहिजेत. पाठीवर कापड किंवा जाळी चिकटवली असेल तर उठा आणि चहा पिऊन घरी या. तो यंत्राचा किंवा ठासणीचा (गाठी न मारता कापडात लोकर ठासून चिकटवलेला) माल आहे.

मग दशा बघा. धोतराच्या किंवा उपरण्याच्या टोकाला जशा दशा असतात तशाच या, म्हणजे ताण्याचेच बाहेर आलेले धागे. त्या आतून आलेल्या हव्यात. वेगळी झालर मागाहून शिवली असेल तर एकतर माल यंत्राचा आहे किंवा मूळ टोक झिजून गेलं आहे. दुसऱ्या शक्यतेने गालिचा बाद होत नाही, पण भाव उतरतो.

आता एक इंचाचा चौकोन घ्या आणि गाठी मोजा. इथे नवखा माणूस हमखास फसतो. एक गाठ ताण्याच्या दोन धाग्यांवर बसते, त्यामुळे बलुची गालिच्याच्या पाठीवर ती आडवी दोन ठिपक्यांसारखी दिसते. आडवे १६ ठिपके मोजलेत तर गाठी ८. उभ्या दिशेला मात्र एक ओळ म्हणजे एक गाठ. समजा आडव्या ८ आणि उभ्या ९ निघाल्या, तर चौरस इंचाला ७२. बलुचीत साधारण ६० ते १२० हे नेहमीचं माप. विक्रेता ३०० सांगत असेल तर त्याने ठिपके मोजलेत किंवा तुम्हाला मोजलंय.

हाच हिशोब पुढे न्या. तीन बाय पाच फूट म्हणजे ३६ गुणिले ६०, म्हणजे २,१६० चौरस इंच. गुणिले ७२ केलं की १,५५,५२० गाठी. दिवसाला पाच हजार गाठी धरल्या तरी महिनाभराचं काम, तेही दुसरं काहीच न करता. शेळ्या, स्वयंपाक आणि पोरं सांभाळून किती महिने लागले असतील, ते तुम्हीच धरा. घासाघीस करताना हा आकडा डोक्यात असू द्या.

गाठींची संख्या हाच दर्जा, हे मात्र डोक्यातून काढा. तो नियम शहरी कारखान्यांतल्या बारीक विणीला लागू. बलुचीत लोकर आणि रंग आधी, संख्या नंतर.

पाठीवर आणखी एक गोष्ट तपासायची. गालिच्याचा भाग दोन्ही हातांत धरून कानाजवळ हलकेच दुमडा. कोरडी पानं मोडल्यासारखा आवाज आला तर आतले धागे कुजलेत. असा गालिचा फुकट मिळाला तरी पायाखाली टाकायच्या लायकीचा नसतो.

पायरी २: हात आणि नाक

लवेवरून हात फिरवा. एका दिशेने मांजरासारखी मऊ लागते, उलट दिशेने खरखरीत. चांगल्या बलुची लोकरीला तेलकट म्हणावी अशी चमक असते. ती वर्षानुवर्षं अनवाणी पायांनी आणि बसण्या-उठण्याने वाढत जाते. रसायनांत धुऊन आणलेली चमक वेगळी ओळखू येते. ती सगळीकडे सारखी असते आणि लव मलूल, पडेल लागते.

जुन्या मालात ताणा सहसा लोकरीचा, पांढरट किंवा करडा. बाणा, म्हणजे आडवे धागे, गडद तपकिरी. कडेचे काठ बऱ्याचदा शेळीच्या केसांनी गुंडाळलेले असतात. त्यांना हात लावला की घोंगडीची आठवण येते. काळपट, टोचरे आणि कमालीचे टिकाऊ. ताणा सुती असेल तर बहुधा माल गेल्या काही दशकांतला, किंवा कारखान्यातला. म्हणून तो वाईट ठरत नाही, पण 'शंभर वर्षांचा' म्हणून विकला जात असेल तर भुवया उंचावायच्या.

खात्री करायची तर आधीच उसवलेल्या जागेतून एक-दोन तंतू मागून घ्या आणि जाळा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखं जळतं. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो.

नाकाचं काम उरलंच. ओल्या लोकरीचा किंचित वास चालेल. कुबट वास म्हणजे बुरशी, आणि ती दोन दिवसांच्या उन्हात जाईल हे आश्वासन मी दोनदा ऐकलंय. गेली नाही.

पायरी ३: रंग

बलुची गालिचा दुकानात काळाकुट्ट दिसतो. लोक म्हणूनच पुढे जातात. तो दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघा. काळा वाटलेला भाग गर्द निळा निघतो, तपकिरी वाटलेला मंजिष्ठी लाल, मधेच वांग्याच्या सालीसारखा जांभळट आणि त्यात तीळ पेरावेत तसे पांढरे ठिपके. लाल रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा, निळा नीळ घालून, तपकिरी अक्रोडाच्या सालीचा किंवा मेंढीच्याच मूळ लोकरीचा. रंग धरायला तुरटी. काळ्या-तपकिरीसाठी लोहयुक्त द्रव्य वापरलं की ते लोकर हळूहळू खातं. म्हणून जुन्या गालिच्यात काळ्या रेषा खोल गेलेल्या आणि बाकीची नक्षी उठावदार दिसते. हे वयाचं लक्षण आहे. काही जण मात्र ते कात्रीने नक्कल करून आणतात. खऱ्या झिजेत काळी लव कुठे जास्त, कुठे कमी खाल्लेली असते. कात्रीची उंची सगळीकडे एकसारखी.

बलुचीत वाळूच्या रंगाची जमीन असलेले नमाजी गालिचे असतात. त्यांना 'उंटाच्या केसांचे' म्हणून जास्त भाव लावतात. काही खरंच तसे असतात, पण पुष्कळदा ती उंटाच्या रंगाची मेंढीची लोकर असते. या शब्दासाठी वेगळे पैसे देऊ नका.

लव दोन बोटांनी फाकवून बुडाशी बघा. टोकाला राखाडी आणि बुडाला भडक गुलाबी किंवा जांभळा दिसला, तर तो लवकर विटणारा कृत्रिम रंग. विसाव्या शतकातल्या मालात झगझगीत नारिंगी हमखास डोकावतो. माझ्या एका गालिच्यात तो काठाच्या चार फुलांत आहे आणि मला आता आवडायला लागलाय. वनस्पतीजन्य रंग बुडापासून टोकापर्यंत हळूहळू फिकट होतो, मधे रेघ मारल्यासारखा तुटत नाही. एकाच लाल पट्ट्यात मधेच छटा बदलली तर घाबरू नका. लोकरीचा एक घाणा संपला, दुसरा रंगवला. जाणकार हेच शोधतात.

शेवटी रुमाल. पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. हे मी एकदा केलं नाही. 'अगदी जुना, एकही दोष नाही' म्हणून घेतलेल्या गालिच्यावर महिन्याभराने पाणी सांडलं. पुसायला गेलो तर फडक्यावर लाल शाई. झिजून पांढऱ्या झालेल्या जागा पेनाने रंगवल्या होत्या, आणि तेही नक्षी सांभाळून, कौतुक वाटावं इतक्या सफाईने. पाठ आधी बघितली असती तर तिथेच कळलं असतं, कारण झिजलेल्या जागी बोटाला पातळपणा लागत होता.

नक्षी आणि नावं

इथे फार वेळ घालवू नका. मधे झाड असलेला नमाजी, ओळीने फुलांची जाळी असलेला मीना-खानी, तुर्कमेन धाटणीचे अष्टकोन, हुकासारखे आकडे असलेल्या चौकोनांचा मुशवानी, गर्द निळ्या जमिनीचा दोख्तर-ए-काझी, बहलुली, सालारखानी अशी नावं विक्रेते सफाईने फेकतात. त्यातली बरीच बाजारात रूढ झालेली आहेत. नाव चुकलं तरी गालिचा तोच राहतो. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर याच भागातल्या विणकरांनी रणगाडे, हेलिकॉप्टर आणि कलाश्निकोव्ह विणायला घेतल्या. असा तुकडा हाती आला तर त्याचं वय सांगायला कोणी लागत नाही.

क्वचित एखाद्यावर तारीख विणलेली असते. समजा १३३५ आहे. चांद्र हिजरी धरलं तर ते १९१६-१७, आणि इराणी सौर सन धरला तर १९५६-५७. एकाच आकड्यात चाळीस वर्षांचा फरक, आणि विक्रेता कुठला सन धरेल हे सांगायला नको.

गालिच्यांखेरीज पिशव्याही बघा. उशीएवढे बालिश्त (शब्द ऐकून हसू येतं, वस्तू अजिबात बालिश नाही), खोगिरावर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या खोर्जिनच्या जोडपिशव्या, बाटलीसारख्या मानेचं मिठाचं नमकदान, जेवायला अंथरायचं सोफ्रे. घरात वापरायला विणलेल्या या चीजांत विणकरीण जास्त मोकळी असते, आणि पहिली खरेदी म्हणून बालिश्त खिशालाही परवडतो.

कोणती खोट चालेल, कोणती नाही

एकसारखी खाली आलेली लव, वाकडा काठ, टोकाचा थोडा सपाट पट्टा गेलेला, रंगातला चढउतार, चांगली रफू केलेली एक-दोन भोकं, हे चालतं. टोकाचा सपाट विणीचा पट्टा शाबूत असेल तर तोच सुंदर असतो. बलुची मंडळी तिथे बारीक भरतासारखी वीण घालतात, आणि बहुतेक गालिच्यांतून तीच पहिल्यांदा झिजून जाते. मिळाला तर दोन पैसे जास्त द्या.

कुज, पाठीवर डिंक किंवा रबर, जमिनीवर न बसणारा मोठा फुगवटा, काठ कापून आकार लहान केलेला, हे नको. कापलेला ओळखायचा तर बाहेरची किनार चारही बाजूंनी सारखी आहे का ते बघा.

व्यवहाराचं थोडं

'व्हिंटेज' हा शब्द सैल आहे. वीस वर्षांचाही त्यात बसतो. बिलावर देश, अंदाजे दशक, माप आणि 'लोकर, हाताने गाठी मारलेला' एवढं लिहून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर पाठीचा फोटो, चारही कोपरे आणि उन्हातला एक फोटो मागा. पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की पुढे बोलू नका.

मे २०२५ पासून पाकिस्तानात तयार झालेला किंवा तिथून पाठवलेला माल भारतात आणायला बंदी आहे, तिसऱ्या देशातून फिरवून आणला तरी. पेशावर-लाहोरहून पाठवणारे विक्रेते पुष्कळ, म्हणून पार्सल कुठून निघणार ते आधी विचारा आणि मागवण्याच्या दिवशीचा नियम पाहून घ्या. अमेरिकेतल्या मंडळींसाठी: इराणी गालिच्यांची आयात जानेवारी २०१६ मध्ये खुली झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा बंद. खोरासान आणि हेरात यांतला फरक तिथे नुसता हौशी उरत नाही. आणि भारतात घेतलेली शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. ती आपल्याला परदेशी नेता येत नाही, हे लेकीकडे पाठवण्याआधी लक्षात घ्या.

घरी आल्यावर

लगेच अंथरू नका. दुसरे लोकरी कपडे किंवा गालिचे असतील त्या खोलीत तर नाहीच. गच्चीत किंवा बाल्कनीत जुनी चादर पसरा, गालिचा उलटा टाका आणि पाठीवरून तळहाताने थोपटा. सरळ करा. चादरीवर पडलेली वाळू बघून थक्क व्हाल. हीच वाळू लवेच्या बुडाशी बसून गाठी करवतीसारखी कापत असते. पाच-सहा वेळा करा, वाळू पडायची थांबेपर्यंत. काठीने बडवू नका. नव्या सतरंजीला जे सोसतं ते ऐंशी वर्षांच्या ताण्याला सोसेलच असं नाही.

मग लवेत आणि काठांच्या घडीत कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, शोधा. तांदळाच्या दाण्याएवढी पांढरट जाळीदार नळी, वाळूसारखे कण, किंवा लव गायब होऊन ताणा-बाणा उघडा पडलेली वेडीवाकडी वाट. काही दिसलं तर पुढचा कसरीचा भाग आधी वाचा.

कुठे टाकायचा

लवेला दिशा असते, त्यामुळे एका बाजूने गालिचा उजळ दिसतो आणि विरुद्ध बाजूने गर्द. दारातून आत येताना कुठला दिसावा, ते फिरवून ठरवा. खाली रबरी जाळीचं अस्तर हवंच, नाहीतर गुळगुळीत फरशीवर आजोबा घसरतील. अस्तर गालिच्यापेक्षा चारही बाजूंनी बोटभर लहान कापा.

थेट उन्हाची जागा टाळा, आणि सहा महिन्यांनी टोकं उलटी करा. जड सोफ्याचा पाय एकाच जागी वर्षभर नको. आणि कुंडी तर कधीच नको. माझ्याकडे मनीप्लांटची कुंडी, खाली बशी, दोन वर्षं तिथेच होती. उचलली तर बशीच्या मापाचं गोल काळं वर्तुळ, आणि बोट लावलं तर तेवढा भाग पापडासारखा तुटला. बशीखाली घाम येतो, हे तेव्हा सुचलंच नाही.

नमाजी गालिचा असेल तर मी स्वतः तो पायाखाली टाकत नाही. कोणीतरी त्यावर कपाळ टेकवलेलं असण्याची शक्यता असते. भिंतीवर लावा, किंवा दिवाणावर पसरा. भिंतीवर लावायचा तर खिळे नकोत. वरच्या काठाच्या पाठीवर रुंद सुती पट्टी हाताने शिवा, टाके ताण्याच्या धाग्यांमधून घाला, पट्टीवर वेल्क्रो लावा आणि त्याची जोडी भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर. वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं.

सांडलं तर

व्हॅक्यूम आठवड्यातून एकदा, लवेच्या दिशेने, फिरता ब्रश बंद ठेवून. दशांवरून नळी नेऊ नका. चटकन ओढल्या जातात.

चहा सांडला तर चोळू नका. पांढऱ्या कोरड्या सुती फडक्याने दाबून टिपा, मग गार पाण्याने ओलं केलेल्या फडक्याने पुन्हा टिपा. तूप-तेल असेल तर मक्याचं पीठ भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका.

हळद आपली खास. वरणाचा थेंब पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हळदीतला रंग क्षारात लालसर होतो आणि उन्हात उडतो. म्हणून साबण आणि खाण्याचा सोडा दोन्ही बाजूला. आधी चमच्याने वरण काढा, गार पाण्याने टिपा, मग पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून टिपा आणि कोरडं करा. उरलेला पिवळेपणा घालवायला डागाएवढी जागा उघडी ठेवून बाकीचा गालिचा जाड टॉवेलाने झाका आणि सकाळच्या उन्हात अर्धा-अर्धा तास ठेवा. तीन-चार दिवसांत फरक दिसतो. गर्द लालात तर उरलेला डाग नंतर शोधूनही सापडत नाही, हा काळपट गालिच्याचा फायदा.

धुणं

तीन-चार वर्षांतून एकदा पुरे. रुमालावर रंग आला असेल, गालिचा दुर्मीळ असेल किंवा कुज असेल तर घरी धुऊ नका. बाकीच्यांसाठी मार्च-एप्रिलचा कोरडा दिवस निवडा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हा विचारच नको.

पाणी गार. लोकरीला क्षार सोसत नाही, सौम्य आंबटपणा चालतो. रोजची कपड्याची पावडर म्हणून बाद, आणि 'एन्झाइम'वाली तर नक्कीच बाद, कारण प्रथिनाचे डाग खाणारं एन्झाइम लोकरीलाही प्रथिनच समजतं. रेशमी साड्यांसाठी रिठ्याचं पाणी वापरायची आपली पद्धत इथे चालते. ते गाळून, पातळ करून घ्या, नाहीतर पांढऱ्या ठिपक्यांवर पिवळट झाक येते. रिठे नसतील तर लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण.

वाळू आधी झटकलेली असावी. गच्चीच्या उताराच्या स्वच्छ भागावर गालिचा पसरा आणि पाइपने पूर्ण भिजवा. मऊ ब्रशने लवेच्या दिशेने, मग आडवं, पुन्हा लवेच्या दिशेने. पहिलं पाणी चहासारखं निघतं. ते नितळ होईपर्यंत धूत राहा. साबण उरला तर धूळ दुप्पट वेगाने चिकटते. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. फरशी पुसायच्या रबरी पट्टीने लवेच्या दिशेने पाणी ओढून काढा, टॉवेलांत गुंडाळून दाबा आणि दोरीवर न टांगता बाजेवर किंवा आडव्या जाळीवर सावलीत, वाऱ्याला ठेवा. ओल्या गालिच्याचं वजन दोरीवर आलं की ताणा कायमचा ओढला जातो. पाठ पूर्ण वाळली का ते गाल लावून बघा. हाताला जे कळत नाही ते गालाला कळतं. दोन दिवस धरून चाला.

कसर आणि पावसाळा

आपल्या हवेत गालिच्याचा खरा शत्रू हाच. उडणारा पतंग लोकर खात नाही. खाते त्याची अळी, आणि तिला अंधार, शांतता आणि मळ आवडतो. म्हणून पलंगाखाली गेलेला अर्धा गालिचा खाल्ला जातो आणि पायांची ये-जा असलेला अर्धा शाबूत राहतो. महिन्यातून एकदा सोफा सरकवा आणि गालिचा उलटून दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करा. कडुलिंबाचा पाला, कापूर यांनी पतंग थोडा दूर राहतो, पण आत असलेली अळी मरत नाही. डांबराच्या गोळ्या बंद पेटीतच काम करतात. उघड्या खोलीत त्यांचा त्रास गालिच्यापेक्षा माणसांना जास्त.

लागण झालीच तर बालिश्तसारख्या लहान वस्तू पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडली तर वस्तूवर दव धरतं. मोठ्या गालिच्यासाठी एप्रिल-मेच्या कडक उन्हात पाठ वर करून तासभर, मग ब्रश, मग व्हॅक्यूम, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा, कारण अंडी उन्हाने मरतीलच असं नाही. फार पसरली असेल तर कीड-नियंत्रणवाल्याला आधी सांगा की वस्तू जुन्या लोकरीची आहे.

पावसाळ्यात गालिचा काढून ठेवायचा असेल तर पूर्ण वाळलेला, झटकलेला असू द्या. घडी नको, घडीवर ताणा तुटतो. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर लवेच्या दिशेने गुंडाळा आणि बाहेरून धुतलेला मांजरपाट. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. जमिनीपासून हातभर उंच, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. गणपतीच्या आधी एकदा उलगडून वारा द्या.

दुरुस्ती

दशा सुटायला लागल्या तर दिरंगाई नको. शेवटची ओळ सैल झाली की पाठोपाठ गाठी निघतात. जाड सुती दोऱ्याने टोकाशी साधी टाक्यांची ओळ घालणं घरी जमतं: दोऱ्याचा फेरा ताण्याच्या दोन-दोन धाग्यांभोवती, सुई शेवटच्या दोन-तीन आडव्या ओळींच्या आतून बाहेर. काठाला गुंडाळलेले शेळीचे केस सुटले असतील तर गडद तपकिरी लोकरीने तेवढाच भाग पुन्हा गुंडाळा. शिलाई मशीन लावू नका, डिंक लावू नका.

भोक पडलं असेल तर गालिच्यांचं काम करणारा रफूगार गाठा आणि दोन गोष्टी आधीच विचारा: मूळच्यासारखी लोकर घालणार का, आणि खर्च किती. गाठी नव्याने भरणं फार वेळखाऊ, बलुचीच्या बाबतीत ते काम गालिच्याच्याच किमतीवर जातं. अशा वेळी मी मागून लोकरी कापडाचा तुकडा लावून कडा शिवून घेतो, भोक तसंच ठेवतो, आणि तो कोपरा टीपॉयच्या खाली येईल असा गालिचा फिरवतो.